गुंजभर गंधक

दुकानात खण बहात्तर होते. डावीकडून उजवीकडं आठ, वरून खाली नऊ. त्यातले अडुसष्ट भरलेले, चार रिकामे. काटे दोन. मोठा गुळाहळदीचा, लहान पितळी औषधांचा. लहान काट्याशेजारच्या डबीत वजनाला ठेवलेल्या गुंजा एकशे चार, सगळ्या लाल, सगळ्यांच्या तोंडाला काळा टिळा. मांजर एक. गिऱ्हाईक शून्य.

दुकानाचे मालक मन्मथप्पा आत दुपारची झोप घेत होते आणि बैठकीवर त्यांची एकुलती लेक दानम्मा होती. वय एकोणीस. आई गेल्यापासून दुकान तीच बघायची. एवढी वाढली तरी तिचं लग्न का राहिलं, याला कारण पत्रिका नव्हती, रूप तर नव्हतंच. कारण होतं तो लहान काटा. आजवर तीन स्थळं आली. तिघांनी आणलेला दागिना अप्पांनी त्यांच्यादेखत तोलला. तिघंही पान न खाता निघून गेली.

निजामाच्या मुलखातलं फसली सन १३४४, आझर महिना, म्हणजे इंग्रजी १९३४चा ऑक्टोबर. परतीच्या पावसाची भुरभुर तिसऱ्या दिवशीही चालू होती. युसूफ वडगावच्या रस्त्यावर चिखल इतका, की माणसं चालण्याऐवजी घसरतच यायची. असाच एक जण घसरत आला आणि थेट दुकानाच्या उंबऱ्याला टेकला. काळी शेरवानी, भिजून अंगाला चिकटलेली. डोक्यावर तुर्की टोपी, तिचा गोंडा नाकावर.

"गंधक आहे का?" त्यानं गोंडा बाजूला सारत विचारलं.

"हाय. किती?"

"पाव शेर."

दानम्मानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. पाव शेर म्हणजे फारच झालं.

"कवापास्नं हाय?"

"काय?"

"खरूज."

"मला खरूज नाही!"

"समदे आसंच म्हंत्यात. लाजायचं काय त्यात? खोबरेल तेलात खलायचं, आंगुळीआधी लावायचं. बोटांच्या बेचक्यात पयलं."

"अहो… मी मास्तर आहे. नवीन. इथल्या सरकारी मदरशात. पोरांसाठी पाहिजे."

"आगं बया! समद्या पोरांना झाली?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. नाव शिवलिंगप्पा, घर बीडला, नुकतेच हैदराबादेहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेले. एवढं शिकून खरजेवर अडकू असं त्यांना वाटलं नव्हतं.

"हे बघा, लोखंडाचा कीस आणि गंधक एकत्र तापवलं की तिसराच पदार्थ होतो. तो पिवळा राहत नाही, आणि लोहचुंबकालाही चिकटत नाही."

"म्हंजी दोन्ही वाया."

"वाया नाही… एक झाले."

एवढं बोलून मास्तर का कुणास ठाऊक डबीतल्या गुंजेसारखे लाल झाले. तिची नजर चुकवायला म्हणून त्यांनी वर बघितलं, आणि खण बघून तसेच उभे राहिले.

"हे कुणी लावले?"

"म्या. कावून?"

"हा उभा रकाना सगळा खारांचा? सैंधव, पादेलोण, सज्जीखार, पापडखार?"

"एक न्हाई मिळालं तर गिऱ्हाइकाला त्येचा भाऊ द्यावा. भाऊ खालच्याच खणात आसला म्हंजी शोधाया नगं. आन् आडवं हलक्याकडून जडाकडं."

"आणि हे रिकामे खण?"

"जो माल आजून घावला न्हाई, त्येचे. ह्यो बघा, वरचा तुरट हाय, खालचा तुरट हाय. मधला बी तुरटच आसंल. कुटं तरी निघंलच की."

शिवलिंगप्पा मटकन पोत्यावर बसले. पोतं मिरचीचं होतं. तीन शिंका आल्यावर त्यांनी सांगितलं, की जगातली सगळी मूलद्रव्यं अशीच एका तक्त्यात मांडली आहेत. हलक्यापासून जडापर्यंत घरं ब्याण्णव, एका स्वभावाची एकाखाली एक. तो तक्ता पहिल्यांदा मांडणाऱ्यानंही रिकामी घरं सोडली होती, आणि तिथं काय निघेल ते आधीच सांगितलं होतं. पुढं तसंच निघालं. चारेक घरांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. हे त्यांनी हैदराबादेत दोन वर्षं उर्दूतून घोकलं होतं, अणूला जौहर, मूलद्रव्याला उन्सुर म्हणत.

"दोन वर्षं?" दानम्मा गंधक तोलता तोलता म्हणाली. "मला एक दुपार लागली. आन् मांजर मधीमधी येत व्हतं."

मास्तर हसले. उजव्या गालाला खळी पडली. डाव्या गालाला नाही. दानम्मानं तेवढं टिपून घेतलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मास्तर तुरटीला आले. त्याच्या पुढच्या बाजाराला मोरचूद, मग नवसागर, मग पुन्हा तुरटी.

"मास्तर, तुमच्यात दाढी इतकी यीती?"

"पोरांना स्फटिक दाखवायचे आहेत."

"मागल्या खेपेची तुरटी?"

"ती… पोरांनी चाटली."

"आठवड्याला एक वस्तू," तिनं खणांकडं बघत हिशेब केला. "भरलेले खण अडुसष्ट. म्हंजी सव्वा वरीस, आन् वर तीन आठवडे. मग काय करशीला?"

"मग…" शिवलिंगप्पा टोपीचा गोंडा बोटाला गुंडाळायला लागले. "मग दोन दोन वस्तूंच्या जोड्या करून बघायच्या. त्या पुष्कळ होतात."

"दोन हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर," दानम्मा म्हणाली आणि तुरटी बांधायला लागली. पुडीचा दोरा त्या दिवशी तीनदा सुटला.

पौषात एका दुपारी त्यांनी तिला अणू दाखवला. लाकडी फळीवर मधोमध जायफळ ठेवलं. हे केंद्र. भोवती मोहरीचे दाणे. पहिल्या कड्यात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात एक. असले अकरा दाणे म्हणजे सोडियम.

"आतली कडी भरलेली आहेत. बाहेर हा एकटा. याला तो नकोसा झालाय. आणि हे दुसरं जायफळ म्हणजे क्लोरीन. दाणे सतरा. बाहेरच्या कड्यात सात. आठ झाले की सुखी, म्हणून एकासाठी जीव टाकतंय. याचा एक तिकडं गेला, की झालं मीठ."

"देणारा बी सुखी, घेणारा बी सुखी," दानम्मा म्हणाली. "आसं दुकानात कधी व्हत न्हाई… आन् दोघांकडं बी सात सात आसले तर? मग देणार कोण?"

शिवलिंगप्पांनी सोडियम उचललं आणि त्या जागी आणखी सतरा दाण्यांचं दुसरं क्लोरीन मांडलं. दोन्ही जायफळं जवळ आणली. इकडचा एक, तिकडचा एक, असे दोन दाणे त्यांनी मधोमध शेजारी शेजारी ठेवले.

"मग कुणीच देत नाही, कुणीच घेत नाही. आपापला एक एक मधे ठेवायचा. ही जोडी दोघांची. तो मोजतो आठ… ती मोजते आठ."

"जायफळ 'ती' कवापास्नं झालं?"

मास्तरांनी दचकून हात मागं घेतला. चौतीसच्या चौतीस दाणे फळीवरून खाली गेले. ते वेचायला दोघंही वाकले. बत्तीस सापडले. उरलेले दोन कुणी फार शोधले नाहीत.

त्याच आठवड्यात बीडला पत्र गेलं आणि माघात मास्तरांची आई शांतादेवी बोलणी करायला आल्या. समाज एकच, मुलगी शिकलेली नसली तरी हिशेबाला पक्की, मुलगा सरकारी नोकरीत. तक्रारीला जागा नव्हती. शांतादेवींनी कुंकू लावून आपले स्वतःचे चांदीचे तोडे दानम्माच्या ओटीत घातले. आणि अप्पांचा हात सवयीनं काट्याकडं गेला.

दानम्मानं मनातल्या मनात मास्तरांना निरोप दिला.

"इहिणबाई," अप्पा म्हणाले, "राग मानू नगा. म्या माज्या बापाच्या समाधीत टाकायची विभूती बी तोलून नेली व्हती."

"तोला की," शांतादेवी म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांनी घडवलेत. वीस तोळ्यांना एक गुंज कमी भरली, तर मी बीडला पायी जाईन."

तोडे बरोबर वीस तोळे भरले. शांतादेवींनी पान खाल्लं, जरा जोरातच चावलं. लग्न वैशाखात धरलं.

सारं सुरळीत झालं होतं. पण मन्मथप्पांना दुसरी एक खोड होती. घरात चांदी आली, की त्यांना गावातला प्रत्येक माणूस चोर वाटायचा. देवळीत ठेवली तर दिसेल, पेटीत ठेवली तर पेटीच नेतील. तीन दिवस विचार करून त्यांनी लेकीलाही न सांगता अशी जागा शोधली, जिथं चोर आपणहून हात घालणार नाही. आणि निर्धास्त झाले.

सेहेचाळीस दिवसांनी, गुढीपाडव्याच्या सकाळी, लेकीनं सणाला तोडे घालावेत म्हणून त्यांनी ते काढून आणले. ते दाराशी आले तेच ओरडत.

"फसिवलं! आगं, फसिवलं!"

तोडे काळे ठिक्कर पडले होते. तव्याचा तळही इतका काळा नसतो.

"शिसं हाय ह्ये! वर नुसता मुलामा! वीस तोळे शिसं घालून माजी लेक न्यायला निघाले व्हते."

"अप्पा, चांदी काळी पडती की."

"दीड महिन्यात? तुज्या आईचे पैंजण इस वर्सं झाले, आजून राखाडी हायेत."

"केजच्या बद्रीनाथ सोनाराला दावू."

"म्हंजी तो गावोगाव सांगंल, मन्मथप्पा शिसं घिऊन लेक दिऊ लागला! कुणी हात लावायचा न्हाई. घासायचं न्हाई. पुरावा हाय त्यो."

मास्तर संध्याकाळी पाडव्याच्या साखरगाठी घेऊन आले, तर अप्पा उंबऱ्यात उभे. त्यांनी तोडे नाकासमोर नाचवले.

"गंधक!" शिवलिंगप्पा बघताक्षणी म्हणाले. "अप्पा, गंधक लागलाय चांदीला. दोघांचा संयोग होतो, तो काळा असतो. कुठं ठेवले होते?"

"तुजीच आई, तुजीच चांदी, आन् तुजंच शास्तर!" अप्पा गरजले. "ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई. तुज्या आईला म्हणावं, ये आन् घिऊन जा आपलं शिसं!"

आत खणांपाशी दानम्मा उभी होती. ती विचार करत होती. अप्पांना शब्द पटत नसत. त्यांना एकाच गोष्टीचं म्हणणं पटायचं, आणि त्या गोष्टीला दोन पारडी होती. पण आत्ता काटा काढला असता, तर अप्पांनी तो पेटीत घालून कुलूप लावलं असतं. साक्षीदार हवा होता.

साक्षीदार पाचव्या दिवशी सकाळी आला. शांतादेवी बीडहून केजपर्यंत मोटारीनं आणि तिथून बैलगाडीनं, वाटभर संतापत आल्या. मास्तर गाडीमागून चालत आले आणि रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली थांबले. उंबऱ्याच्या आत यायची बंदी होती, लिंबाखाली थांबायची नव्हती.

"शरणार्थ," शांतादेवी दारातूनच म्हणाल्या. "कुठाय माझं शिसं?"

"ह्ये घ्या. आन् ठरलेलं मोडलं."

"तुम्ही काय मोडता? मीच मोडते! सासऱ्यांच्या चांदीला शिसं म्हणणाऱ्याच्या घरात पोरगा देऊ?"

"आत्याबाई, मोडा," दानम्मा पुढं होत म्हणाली. "पर परत घ्यायची वस्तू तोलून घ्यावी. अप्पा, बिनतोलता वस्तू दिली आसं तुमी कधी केलंय?"

अप्पांनी काटा उचलायचा लंगर हातात धरला. एका पारड्यात काळे तोडे, दुसऱ्यात वीस तोळ्यांची वजनं. तोड्यांचं पारडं खाली गेलं.

अप्पांनी काट्याला फुंकर मारली. पारडं पुसलं. पुन्हा तोललं. तोडे पुन्हा खाली. दानम्मानं डबीतून एक गुंज उचलली आणि वजनांवर ठेवली. काटा मध्यावर आला.

"वाढले?" शांतादेवी म्हणाल्या.

"अप्पा, मुलामा उडाला आसंल तर माल घटंल का वाढंल?"

"घटंल," अप्पा पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदा काट्यानं त्यांचा पक्ष सोडला होता.

"मग ही गुंजभर वस्तू कुटून आली? तोडे कुटं ठेवलते, अप्पा?"

अप्पा मांजराकडं बघायला लागले.

दानम्मानं तोड्याच्या फिरकीत नख घातलं. पिवळी कणी निघाली. ती वळली आणि पाचव्या रकान्यातला तिसरा खण तिनं ओढून फळीवर आणला. गंधकाच्या पिवळ्याधमक भुकटीत दोन गोल खळगे होते. तिनं तोडे त्यात ठेवले. ते तंतोतंत बसले.

"माझे तोडे," शांतादेवी एकेक शब्द चावत म्हणाल्या, "खरजेच्या औषधात?"

"चोर तिथं हात घालत न्हाई," अप्पा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"चोर नाही घालत. शहाणा माणूस घालतो!"

"आत्याबाई, चांदी तुमचीच हाय, आन् खरी हाय. वरनं गुंजभर गंधक बसलाय. गंधकाच्या बाहेरच्या कड्यात सा दाणे आस्त्यात. दोन कमी. एक चांदी एकच दाणा दिती, म्हणून एका गंधकाला चांदी दोन लागत्यात."

"म्हणजे दोन बायका?" शांतादेवींनी विचारलं. "अन् हे माझ्या तोड्यांत चालू होतं?"

लिंबाखालून खाकरण्याचा आवाज आला.

"अप्पा, आत येत नाही," शिवलिंगप्पा ओरडून म्हणाले, "पण ते सोडवता येतं! घासायचंही नाही. जर्मनचं भांडं पाहिजे, ॲल्युमिनियमचं!"

गावात जर्मनच्या भांड्याचं एकच घर होतं, ते म्हणजे मास्तरांची एकट्याची खोली. त्यात ते खिचडी करायचे. ते धावत जाऊन पातेलं घेऊन आले. तळाला कालची खिचडी होतीच.

"ह्यात जेवतोस?" शांतादेवी म्हणाल्या. "लग्न मोडलं तरी हे पातेलं मी बघितलं नाही असं समज."

दानम्मानं पातेलं उंबऱ्यावरून आत घेतलं, घासलं, पाणी उकळायला ठेवलं. दोन मुठी मीठ, एक मूठ पापडखार. तोडे तळाला टेकतील असे सोडले. मास्तर उंबऱ्याच्या बरोबर बाहेर, ती बरोबर आत. मधे उंबऱ्यालगत आणून ठेवलेली चूल.

"गंधक चांदीला सोडंल कावून?" तिनं पाण्याकडं बघत विचारलं.

"कारण त्याला जर्मनची ओढ जास्त आहे. चांदीशी जमलं ते… जवळ होती म्हणून."

"आन् तुमचं? तुमी बी जवळ हाय म्हणूनच आमच्या दुकानात आलते. पाऊस लागला म्हणून."

"पाऊस पाच महिन्यांमागं थांबला, दानम्मा. मी यायचा थांबलो का?"

पाण्याला उकळी फुटली. तोड्यांवरून बारीक बारीक बुडबुडे निघायला लागले.

"सात," शिवलिंगप्पा हळूच म्हणाले.

दानम्मानं पळी फिरवली. एकदा, दोनदा. मान वर केली नाही.

"माज्याकडं बी सातच हायेत," ती म्हणाली. "मधी ठिवायला एक हाय."

"सात काय?" शांतादेवींनी आतून विचारलं. "सात उकळ्या द्यायच्या का?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. पातेल्यातून असा काही वास उठला की सगळ्यात आधी मांजर बाहेर गेलं. कुजक्या अंड्याचा वास. सगळ्यांनी पदर, उपरणं, टोपी, जे हाती लागलं ते नाकाला लावलं. पण घर लिंगायतांचं. वास कशाचा म्हणावं, तर आपल्याला तो कसा ठाऊक, हे आधी सांगावं लागणार. अप्पांनी शांतादेवींकडं बघितलं. शांतादेवींनी छताकडं.

"उकिरड्याचा आसंल," अप्पा म्हणाले.

"असेल बाई," शांतादेवी म्हणाल्या. "मला कसले वास कळतायत?"

"गंधक निघालाय," शिवलिंगप्पा टोपीतून म्हणाले.

दानम्मानं पळीनं तोडे वर काढले. पातेल्याचा तळ काळवंडला होता. तोडे पांढरे झाले होते, बारशाला नवे घालावेत तसे. शांतादेवींनी ते पदरानं पुसले आणि उन्हाकडं धरले. मग उंबऱ्याबाहेरच्या लेकाकडं आणि चुलीशी बसलेल्या पोरीकडं आळीपाळीनं बघितलं.

"मन्मथप्पा," त्या म्हणाल्या, "तोडे परत देते. पण यापुढं पोरीकडं द्यायचे. तुमच्याकडं नाही."

"कबूल."

"आणि माझ्या पोराला आत घ्या. उन्हात त्याचं नाक सोलतंय."

"ये बे मास्तर, आत ये," अप्पा म्हणाले. एवढं बोलून झाल्यावर त्यांचा हात पुन्हा काट्याकडं गेला. तिथंच थबकला. त्यांनी विहिणीकडं बघितलं. "इहिणबाई… राग मानू नगा…"

"तोला," शांतादेवी म्हणाल्या. "आता मलाही बघायचंय."

एका पारड्यात तोडे ठेवले. दुसऱ्यात वीस तोळ्यांची वजनं आणि वर ती सकाळची गुंज तशीच होती. अप्पांनी लंगर उचलला. या खेपेला वजनांचं पारडं खाली गेलं. दानम्मानं गुंज उचलून घेतली आणि मुठीत धरली.

काटा दोनदा हलला आणि मध्यावर थांबला. वीस तोळे.